पिंजारीचाचांची थंडी

रजई भरायला घेण्याआधी पिंजारीचाचा माणसाला झोपवून बघायचे. माप-बीप काही नाही. अंगणात सतरंजी टाकायची, "निजून दाखवा" म्हणायचं आणि स्वतः पायथ्याशी उकिडवं बसून बघत राहायचं. भर दुपारी, शेजारच्या बायका कुंपणावरून डोकावत असताना डोळे मिटून पडायचं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. आधी हसू यायचं. मग ते आपोआप जायचं, कारण चाचा बोलायचे नाहीत, हलायचे नाहीत आणि थोड्या वेळाने त्यांच्या श्वासाचाही आवाज येईनासा व्हायचा. दहावीत असताना मी एकदा चोरून एक डोळा उघडला. चाचा माझ्याकडे बघतच नव्हते. माझ्या शेजारच्या, सतरंजीच्या मोकळ्या जागेकडे बघत होते.

उठल्यावर मी विचारलं, "काय पाहून राह्यले होते, चाचा?"

"जागा," ते म्हणाले. "मानूस निजलं का थंडी कोन्या अंगानं येऊन बसते, ते पाहा लागते. तुह्या डाव्या अंगानं येते. तिकडून रुई जास्त घालतो." आणि खरोखरच त्यांनी भरलेली माझी रजई डावीकडे जाड होती. आईने ती उलटी पांघरली तर तिला झोप लागायची नाही.

चाचा वाशिमकडच्या मालेगावचे. दिवाळी सरली की एसटीने आमच्या गावी, मेडशीला यायचे. खांद्यावर कापूस पिंजायचं माणसाएवढं पिंजण, त्याची ती ताणलेली दोरी, म्हणजे तात, आणि हातात लाकडी ठोकळा. कंडक्टर दरवर्षी पिंजणाकडे बोट दाखवून "हे पाहुणे कुठं बसतीन?" म्हणून विचारायचा आणि चाचा दरवर्षी पिंजणाला खिडकीची जागा मागायचे. गावात मात्र थट्टा संपायची. तातीवर पहिला ठोका पडला की चाचांचं तोंड बंद. चहा ठेवलेला तसाच गार व्हायचा. आई तेवढी त्यांना न विचारता दुसरा करून आणायची आणि "घ्या भाऊ" म्हणून समोर ठेवायची. तो मात्र ते घ्यायचे. गावातली बाकी मंडळी त्यांना चाचा म्हणत, आई एकटी भाऊ म्हणायची. तिला सख्खा भाऊ नव्हता.

चाचांना एक छंद होता, तो त्यांच्या धंद्यातूनच आलेला. कोणी बाहेरगावाहून आलं की त्याला गाठून तिकडच्या थंडीची चौकशी करायची. पगार किती, घर केवढं, हे कधी विचारलं नाही. "तिथी निजता कसे?" एवढंच. हिवाळ्यात शाली विकायला येणाऱ्या काश्मिरी माणसाकडून त्यांनी समजून घेतलं होतं की तिकडे लोक निखाऱ्यांची टोपली अंगरख्याच्या आत, पोटाशी धरून हिंडतात. सुटीवर आलेल्या जवानाने सांगितलं की वर बर्फात उघड्या हाताने लोखंडाला शिवायचं नाही, कातडी तिथेच राहते. आमच्या गल्लीतली एक मुलगी कॅनडातून माहेरपणाला आली होती. बाहेर कमरेएवढा बर्फ असतो आणि आम्ही घरात अर्ध्या बाह्यांचे कपडे घालून बसतो, असं ती म्हणाली, तेव्हा चाचा कितीतरी वेळ मान हलवत राहिले.

"म्हंजे तिथची थंडी दाराबाहेर उभी राह्यते," त्यांनी मला नंतर समजावलं. "तिले मालूम हाय, आत जागा नाई. आपल्या इकडं सारं घर उनासाठी बांधेल. खाली फरशी, वर टिनं, खिडकीले फट. दोनच महिने येते, पन घरात येऊन बसते. मंग ते जाते का नाई, कोनी पायलं?"

मी तेव्हा डीएडला होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. चाचांना मी उष्णता, वहन, कोंडलेली हवा असं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बराबर हाय. पन रुईत निसती हवा नाई कोंडत पोरी."

शेजारच्या जऊळका गावातल्या एका घरची गोष्ट मी स्वतः पाहिलेली आहे. त्या घरचा मुलगा फौजेत. त्याची रजई त्याच्या आईने ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून जपून ठेवलेली, वर्षभर कुणी उघडलेली नव्हती. चाचा पिंजायला गेले तेव्हा मीही तिथे होते, ती बाई माझ्या आईची मैत्रीण. चाचांनी खोळ उसवून आत हात घातला आणि विचारलं, "यात कोन निजलं होतं?" बाई म्हणाली, कोणी नाही. "गरम हाय," चाचा म्हणाले. तिने हात घालून बघितलं, मी बघितलं. कोणी नुकतंच उठून गेल्यासारखा तो कापूस ऊबदार होता, आणि ट्रंक तर माळ्यावरच्या अंधारात होती. आठवड्याने मुलाचा फोन आला. बर्फात रस्ता चुकून दोन दिवस अडकला होता, बोटं सुजली होती, बाकी धड होता. झोपेत घरच्या रजईत असल्यासारखं वाटायचं, म्हणाला. त्या बाईने पुढे ती रजई कधी ट्रंकेत ठेवली नाही. ती रोज त्याच्या रिकाम्या खाटेवर अंथरायची.

चाचांचे नियम थोडे होते, पण पक्के. दोन माणसांच्या रजया कधी एका सतरंजीवर उसवायच्या नाहीत. नवरा-बायकोच्यासुद्धा नाहीत. ज्याची रुई त्याच्या खोळीत. याला एकच अपवाद, तान्ह्या बाळाची गादी. तिच्यात ते घरातल्या प्रत्येक माणसाच्या रजईतली मूठमूठ रुई घालत आणि घालताना एकेकाचं नाव घेऊन विचारत, "हाय ना?" घरातली बाई "हाय" म्हणाली की मगच ती मूठ आत जायची. गेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण आमच्याकडे घरात ठेवत नाहीत, दिवस झाले की देऊन टाकतात. चाचा त्या रुईला ठोकाही मारत नसत. "ते देऊन टाका, मनात नका ठेवू," एवढंच म्हणत.

हे सगळं मला ठाऊक होतं. म्हणून पुढे मी जे केलं त्याला अजाणता झालेली चूक म्हणायची सोय नाही.

चाचांचं येणं पाचेक वर्षांपूर्वी थांबलं. वय झालं होतं आणि वाशिमला पिंजायची मशीन आली होती, सकाळी कापूस द्या, संध्याकाळी रजई न्या. माझी बदली मेडशीजवळच्या शाळेत झाली आणि मी आई-आप्पांकडे राहायला आले. आप्पा म्हणजे माझे वडील. आईला दम्याचा जुना त्रास, आणि गेल्या वर्षी मार्गशीर्षात तो वाढला. एका पहाटे ती गेली. दहाव्याला तिची भांडी, लुगडी सगळं दिलं. रजई दिली नाही. मी ती गुपचूप वाशिमला नेली, सोबत आप्पांचीही नेली आणि मशीनवाल्याला सांगितलं, दोन्ही एकत्र पिंजून एकच जाड रजई करून द्या. मशीन काही विचारत नाही.

ती रजई मी आप्पांच्या अंगावर घातली आणि आठ दिवसांत त्यांना थंडी भरली. ताप नाही, खोकला नाही, नुसती थंडी. संक्रांत गेली, होळी आली, थंडी जाईना. चैत्रात पत्रे तापून घरात उभं राहवत नव्हतं, तेव्हा आप्पा स्वेटर, कानटोपी आणि ती रजई घेऊन खाटेवर भिंतीला टेकून बसलेले. खाणं दोन घासांवर आलं. वाशिमचे डॉक्टर झाले, अकोल्याचे झाले. रक्त चांगलं, छाती चांगली, वयाचं आहे म्हणाले. अंगावरची रजई काढायला गेलं की आप्पा तिचं टोक मुठीत धरायचे. त्यांच्या मनगटाची हाडं दिसायला लागली होती. हा माणूस पुढचा हिवाळा बघत नाही, हे मला कळत होतं आणि मी घाबरले होते.

शेवटी एका रविवारी स्कूटीवर मालेगावला गेले आणि चाचांना मागे बसवून घेऊन आले. पिंजण त्यांनी आडवं धरलं होतं, त्यामुळे रस्ताभर आम्हाला कोणी ओव्हरटेक केलं नाही. चाचा फार वाळले होते. अंगणात आल्यावर त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "भाऊ म्हननारी बाई गेली म्हना." मग सतरंजी टाकली. आप्पांना म्हणाले, "आप्पा, निजून दाखवा."

आप्पा रजईसकट निजले, अगदी कडेला, अर्धी सतरंजी मोकळी सोडून. चाचा पायथ्याशी बसले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. ऊन मी म्हणत होतं आणि माझ्या दंडावर काटा होता. चाचांनी रजईच्या शिवणीचे चार टाके कापले, आत कोपरापर्यंत हात घातला आणि तसेच थांबले.

"मास्तरीनबाई," ते म्हणाले, "यात दोघं हायेत."

मी म्हटलं, "मशीनवाल्यानं कोनाचा तरी कापूस मिसळवला असन."

"कोनाचा नाई. घरचाच हाय." त्यांनी हात काढून घेतला. "काहून ठेवली जी?"

मी कुणालाही न सांगितलेली गोष्ट त्या अंगणात उभी राहून सांगितली. त्या पहाटे आई जागी झाली होती. मला म्हणाली, पायावर अजून एक पांघरूण टाक, लय थंडी लागून राह्यली. मी मोबाइलवर शाळेची ऑनलाइन माहिती भरत होते, ती त्याच सकाळी पाठवायची होती. मी म्हटलं, थांब, एवढं भरून झालं की देते. माहिती भरून झाली. पांघरूण घेऊन गेले तेव्हा तिचे पाय दगडासारखे गार होते. दहा मिनिटं झाली असतील. म्हणून मला तिची रजई देववेना. तिला पुन्हा उघडी टाकल्यासारखं होईल, असं वाटत होतं.

 आप्पा बोलले, डोळे न उघडता.

"मले मालूम हाय. ते रोज येते. पाय माह्या पायाले लावते." मग म्हणाले, "लय गार पाय हायेत तिचे. म्हनून मी जागा देतो."

 माझा बाप आजारी नव्हता. तो आपल्या अंगातली ऊब रोज थोडी थोडी बायकोला देत होता, आणि ती कामगिरी मी त्याच्यावर लादली होती.

चाचा म्हणाले, रुई वेगळी करावी लागेल. पिंजलेली रुई वेगळी होत नाही, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. तरी चाचांनी तीन दिवस आमच्याकडे मुक्काम केला आणि अंगणात बसून ते काम केलं. चिमूट उचलायची, तळहातावर ठेवायची, डोळे मिटायचे आणि डावीकडे किंवा उजवीकडे टाकायची. दोन ढीग वाढत गेले. आमचं मांजर उजव्या ढिगात जाऊन बिनधास्त झोपायचं. डाव्याला वळसा घालून जायचं.

दुसऱ्या दिवशी चाचा दुपारच्या नमाजाला आत गेले तेव्हा माझ्यातली मास्तरीण जागी झाली. डाव्या ढिगातली मूठभर रुई उचलून मी उजव्यात खोल दाबून ठेवली. चाचा आले, बसले, सरळ उजव्या ढिगात हात घातला, ती मूठ जशीच्या तशी काढली आणि डावीकडे ठेवली. "परीक्षा शाळेत घ्या, बाई," म्हणाले आणि कामाला लागले. मी घरात जाऊन पाणी प्यायले.  त्या रुईत हात घातला तेव्हा बोटं सुन्न झाली होती, हे मी त्यांना सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी दोन खोळी भरून झाल्या. उजवी त्यांनी आप्पांच्या पायाशी ठेवली, डावी स्वतःच्या मांडीवर घेतली. आप्पा उठून बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला.

"ते नाई द्याची. तिले उघडी टाकसान तुमी."

"टाकत नाई, आप्पा. मी घरी नेतो."

"लोकाच्या घरी?"

"लोकाच्या कायले?" चाचा म्हणाले. "तीस वरसं तिनं मले भाऊ म्हटलं. भावाच्या घरी चालली. माहेरी नेतो म्हना."

 आप्पांनी रजईवरून हात फिरवला, एक सुरकुती सरळ केली आणि विचारलं, "कवा आनून सोडसान?"

चाचांनी पिंजण उचललं. मी स्कूटी काढली. परतीच्या रस्त्यावर पिंजण आडवं होतं, मागे चाचांच्या मांडीवर रजई होती आणि माझ्या पाठीला मालेगावपर्यंत गार वारा लागत होता, तोही चैत्रातल्या उन्हात. मी मागे वळून बघितलं नाही. भीती वाटत होती आणि त्याहून जास्त, ती माझ्या इतक्या जवळ आहे याचं बरं वाटत होतं.

चौथ्या दिवशी आप्पांनी स्वेटर काढला. आठवड्याने पंखा लावा म्हणाले. रस-पोळी मागितली. अकोल्याच्या डॉक्टरांनी गोळ्यांना गुण आला म्हणून सांगितलं आणि मी हो म्हटलं. फक्त रोज संध्याकाळी आप्पा एकदा विचारायचे, मालेगावाहून काही निरोप आला का.

मे महिन्यात मी चाचांना बघायला गेले. त्यांची सून दारातच म्हणाली, "बाई, अब्बांले समजवा. घरात पाय टाकवत नाई इतलं गरम हाय, अन् ते रजई घेऊन पडेल हायेत. वरून दोन चादरी मागून राह्यले." आत चाचा भिंतीला पाठ लावून कडेला पडले होते, आईची रजई गळ्यापर्यंत ओढून. दात वाजत होते. मला बघून हसले.

"द्या चाचा, मी नेते घरी," मी म्हटलं. "गलती माही हाय. थंडी मले घेऊ द्या."

"तुमाले नाई जमत," ते म्हणाले. "तुमी रडसान, अन् रुई वली होईन. मले जमते. जिंदगीभर लोकायच्या थंडीत हात घातला मी." मग मी विचारण्याआधीच म्हणाले, "तिचे घोटे गरम झाले हायेत. तळपाय रायले. टाइम लागते."

मी पायथ्याची चादर उचलली आणि त्या रजईवर घातली, पायाच्या बाजूला, नीट, कडा आत खोचून. चाचांनी डोळे मिटले. त्यानंतर मी दर रविवारी जात असे. चाचा दर वेळी आणखी थोडे लहान झालेले दिसत. आपण त्यांना मारतोय, असं मला वाटायचं आणि तरी मी एकदाही ती रजई ओढून घेतली नाही. हे लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे.

या दिवाळीनंतर, थंडीने नुकता जोर धरला होता तेव्हा, एका सकाळी त्यांच्या सुनेचा फोन आला. अब्बा गेले. पहाटे स्वतः उठून बसले, किती महिन्यांनी. रजई अंगावरून काढली, स्वतःच्या हाताने घडी घातली, आणि म्हणाले, मास्तरीनबाईले फोन कर, सांग का तिले आता थंडी नाई वाजत. मग आडवे झाले. "तुमाले समजते काय, बाई?" सुनेने विचारलं. "आमाले तर काई समजलं नाई."

मला समजलं होतं. मी फोन कानाला तसाच धरून रडले, आईला नेलं तेव्हा रडले नव्हते तशी.

आप्पा अंगणात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांची शेकोटी पेटवत होते. कोणाचा फोन, म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं, सुनेने सांगितलं तसं सगळं. त्यांनी हातातली काडी विझू दिली.

"मंग आता तुही माय परत नाई येत," ते म्हणाले.

"नाई येत, आप्पा."

ते उठले, आत गेले, आणि धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून बाहेर आले. मी म्हटलं, गार हवा आहे, आणि मालेगावला माती द्यायला बाया जात नाहीत, तुम्ही एकटे तिथे किती वेळ उभे राहाल. आप्पांनी दारातली चप्पल पायात सरकवली.

"साळ्याच्या मातीले जावाच लागते," ते म्हणाले. "काढ गाडी."

मी स्कूटी काढली.